गोळी का राहते? आरोग्यसंवर्धन आणि आरोग्य व्यवस्थेबद्दल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : "वॉर्डात सलाईन, ड्रेसिंग, मॉनिटर हे शिकताना हाताला काहीतरी येतंय असं वाटतं. कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे वस्तीत जाऊन काम शिकताना, मात्र तक्ता दाखवायचा, भाषण द्यायचं आणि जर्नल भरायचं. आरोग्यसंवर्धन आणि सार्वजनिक आरोग्य व्यवस्था हा भाग नुसता पाठांतराचा आहे का? आणि आरोग्यशिक्षण व आरोग्यसंवर्धन यांत खरा फरक काय?"

मी आधी काही वर्षं वॉर्डात, मग बरीच वर्षं घरोघर फिरून काम केलं. आता विद्यार्थ्यांना पोस्टिंगला घेऊन जाते. हाच प्रश्न मलाही एकेकाळी पडला होता आणि त्याचं उत्तर मला एका बसचालकाकडून मिळालं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

रक्तदाबाच्या तपासणीला ते दर महिन्याला यायचे. पन्नाशीच्या आतले, अंगाने धडधाकट. दर वेळी दाब चढलेला. मी दर वेळी तेच सांगायचे : मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका, पक्षाघात झाला तर घर कोण चालवणार? ते मान हलवायचे. मी कार्डावर लिहायचे, 'औषधे नियमित घेत नाहीत. समुपदेशन केले.' असं मी तीनदा लिहिलं. चौथ्या वेळी आमच्या वरिष्ठ सिस्टर शेजारी बसल्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दादा, यातली कुठली गोळी घेता आणि कुठली राहते?"

एकच राहत होती. लघवी वाढवणारी. सकाळी ती घेऊन गाडीवर बसलं की तासाभरात कळ लागायची. मधल्या थांब्यांवर स्वच्छतागृह नव्हतं, आणि जिथे होतं तिथे थांबायला वेळापत्रकात जागा नव्हती. मागे प्रवासी भरलेले. म्हणून ज्या दिवशी ड्युटी त्या दिवशी ती गोळी नाही. "मग कधी बोलला नाहीत ते?" मी विचारलं. "कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांशी बोलून औषध त्यांच्या ड्युटीला जुळेल असं बदलून घेतलं आणि दाब उतरू लागला. पण माझ्या डोक्यातून ती तीन वाक्यं जाईनात. 'समुपदेशन केले' असं मी ज्याला म्हणत होते, ते समोरच्या माणसाच्या अडचणीला स्पर्शही न करणारं बोलणं होतं. त्याला माहिती कमी नव्हती. मीठ, गोळी, पक्षाघात हे सगळं त्याला ठाऊक होतं.

आता तुमचा फरकाचा प्रश्न. माहिती आणि कौशल्य देणं म्हणजे आरोग्यशिक्षण. ते हवंच. पण माहिती असूनही माणसाला जे करता येत नाही, ते त्याला करता यावं म्हणून आजूबाजूची परिस्थिती बदलणं हे आरोग्यसंवर्धन, आणि शिक्षण हा त्याचा एक भाग. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा शहरात आरोग्यसंवर्धनावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथल्या सनदेतली व्याख्या तुम्ही पाठ केलीच असेल : लोकांना आपल्या आरोग्यावरचं नियंत्रण वाढवण्यासाठी आणि ते सुधारण्यासाठी समर्थ करण्याची प्रक्रिया. या वाक्यात 'नियंत्रण' हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्या चालकाकडे स्वतःच्या लघवीच्या वेळेचंही नियंत्रण नव्हतं.

सनदेतली पाच कार्यक्षेत्रं परीक्षेला हमखास येतात आणि विद्यार्थी ती घोकून विसरतात. तीच या एका माणसावर लावून बघा. त्याला औषधाचं काम समजावणं, घरी दाब मोजायला शिकवणं, ही झाली वैयक्तिक कौशल्यं. थांब्यावर वापरण्याजोगं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी असणं, हे पोषक वातावरण. चालकांनी एकत्र येऊन ही मागणी लावून धरणं, ही समुदायाची कृती. चालकांच्या पाळीत विश्रांतीची वेळ असलीच पाहिजे असा नियम होणं, हे आरोग्याला धरून असलेलं सार्वजनिक धोरण. आणि आमचा दवाखाना फक्त सकाळी, म्हणजे नेमका त्याच्या ड्युटीच्या वेळी उघडा असायचा, तो आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी उघडणं, हे आरोग्यसेवांना नवी दिशा देणं. यातलं आमच्या हातात सगळ्यात आधी शेवटचं होतं. तेही मिळवायला आम्हाला बरेच महिने लागले, कारण 'संध्याकाळी कोण येणार' हा प्रश्न आम्हीच आम्हाला विचारत बसलो होतो. ज्यांना यायचं होतं, त्यांना विचारलंच नव्हतं.

इथेच प्रतिबंधाच्या पातळ्याही उरकून टाकते. धोक्याचा घटक समाजात रुजूच नये म्हणून केलेलं काम आद्य प्रतिबंध. धोका आहे पण आजार नाही, तेव्हाचं प्राथमिक. लसीकरण इथे येतं. आजार आहे पण लक्षणं दिसण्याआधी पकडणं आणि लगेच उपचार देणं द्वितीयक, स्क्रीनिंग इथे. आजारानंतरचं अपंगत्व कमी करणं तृतीयक. पक्षाघातानंतरचा व्यायाम इथे. व्हायवात लसीकरण आणि स्क्रीनिंग यांची अदलाबदल होते, तेवढी टाळा.

आता जर्नलमधल्या एका शब्दाबद्दल. विद्यार्थ्यांच्या केस स्टडीत 'समस्येचे कारण' या रकान्यात मी वर्षानुवर्षं एकच शब्द वाचत आले आहे : अज्ञान. बाळाला डोस दिला नाही, अज्ञान. तपासणीला आली नाही, अज्ञान. हा शब्द मी आता खोडायला लावते. घरी जाऊन, बसून, ऐकून घेतल्यावर दहातल्या एखाद्या घरातच खरोखर माहितीची उणीव सापडते असा माझा अनुभव आहे. बाकीच्या घरांत वेळ नसतो, पैसा नसतो, निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो, किंवा मागच्या खेपेला कुणीतरी टाकून बोललेलं असतं आणि ते मनात राहिलेलं असतं. हे शेवटचं कारण आपण कधी लिहीत नाही, कारण ते आपल्यावर येतं.

माणूस आरोग्याचा निर्णय कशावरून घेतो ते सांगणारं तुमच्या अभ्यासक्रमातलं 'हेल्थ बिलीफ मॉडेल'सुद्धा अशाच एका कोड्यातून जन्मलं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून देणाऱ्या गाड्या वस्त्यांजवळ नेल्या. तरी लोक अपेक्षेएवढे येईनात. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी 'लोकांना कळत नाही' म्हणून विषय मिटवला नाही. आले ते का आले आणि राहिले ते का राहिले, हे शोधलं. मला हा आजार होऊ शकतो असं वाटतं का? झाला तर तो किती गंभीर असेल? तपासणीचा मला फायदा आहे का? आणि आड काय येतं? या प्रश्नांतून ते मॉडेल उभं राहिलं. आकृती पाठ करण्याआधी हे चार प्रश्न एका खऱ्या माणसाला, त्याच्या शब्दांत, विचारून बघा. आकृती आपोआप लक्षात राहील. माझ्या मते चौथा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

"पण एकेका माणसाला विचारत बसलो तर सार्वजनिक आरोग्य कसं होणार?" हा प्रश्न वर्गात नेहमी येतो आणि तो रास्त आहे. इंग्लंडचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलेली एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. अतिधोक्याची माणसं थोडी असतात, मध्यम धोक्याची पुष्कळ. म्हणून एकूण आजारी पडणाऱ्यांत बऱ्याच वेळा मध्यम धोक्याच्याच माणसांची संख्या मोठी निघते. आपण फक्त सर्वांत जास्त दाब असलेल्यांच्या मागे लागलो, तर पक्षाघाताचे कितीतरी रुग्ण आपल्या यादीबाहेरूनच येतील. उलट साऱ्या समाजाचा दाब थोडासा खाली सरकला, तर एकेकाला त्याचा फायदा जाणवणारही नाही, पण समाजातले आजार पुष्कळ घटतील. यालाच त्यांनी प्रतिबंधातला विरोधाभास म्हटलं. उपदेश करून अख्खा समाज खाली सरकत नाही. त्यासाठी तयार पदार्थांतलं मीठ, तंबाखूवरचा कर, चालण्याजोगे रस्ते अशा गोष्टी बदलाव्या लागतात.

फिनलंडच्या पूर्वेकडच्या उत्तर कारेलिया भागात हे करून दाखवलं गेलं. तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी होतं. लोकांनीच सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. त्यांनी दवाखान्यातून पत्रकं वाटण्यावर भागवलं नाही. गृहिणींच्या संघटनेबरोबर नेहमीचे पदार्थ कमी चरबीचे कसे करता येतील ते बघितलं, दुग्धव्यवसायाशी आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांशी बोलणी केली, दुग्धव्यवसायावर पोट असलेल्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत केली. रक्तदाबाच्या रुग्णांची नोंद आणि पाठपुरावा यात परिचारिकांचा मोठा वाटा होता. पुढच्या चार दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. शेतकऱ्याने दुसरं पीक घेणं हा हृदयविकाराच्या प्रतिबंधाचा भाग कसा होतो, हे ज्याला कळलं त्याला 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक' (आरोग्य घडवणारी भोवतालची सामाजिक परिस्थिती) हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

आता व्यवस्थेकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आरोग्य व्यवस्थेचे सहा मूलभूत घटक मांडले : सेवा पुरवठा, मनुष्यबळ, माहिती, औषधं-लसी-तंत्रज्ञान, वित्तपुरवठा, आणि नेतृत्व व प्रशासन. वाचताना हे कोरडं वाटतं. म्हणून एका आईच्या मागे चला.

ती बाळाला घेऊन गोवराच्या लसीसाठी आली. तिला सांगितलं गेलं, "आज नाही, पुढच्या सत्राला या." का? लसीच्या कुपीत अनेक डोस असतात. पूड विरघळवली की ती सहा तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते. एका बाळासाठी कुपी उघडली तर बाकीचे डोस वाया जाणार, आणि वाया गेलेल्या डोसांचा जाब सिस्टरला द्यावा लागणार. म्हणून तिने बाळ परत पाठवलं. आता उलट दिशेने घटक मोजा. कुपीचा आकार आणि शीतसाखळी (लस शेवटपर्यंत थंड ठेवण्याची सोय) हा पुरवठ्याचा भाग. सत्राचा वार आईला कुणी सांगितलाच नव्हता, हा माहितीचा. सत्राला एकच सिस्टर आणि तिच्याकडे इतर सहा कामं, हे मनुष्यबळ. आईची दिवसभराची मजुरी बुडाली. लस फुकट असली तरी येणं फुकट नव्हतं, हा वित्ताचा. आणि वाया गेलेल्या डोसाचा जाब विचारला जातो, पण परत गेलेल्या बाळाचा विचारला जात नाही, हे प्रशासन. हा शेवटचा मुद्दा नीट बघा. व्यवस्था जे मोजते तेच तिथली माणसं सांभाळतात. परत पाठवलेल्या बाळाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते, आणि पुढे गोवराची साथ आली की मग सगळे विचारतात, ही मुलं सुटली कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं आहे की डोस वाया जाण्याच्या भीतीने बाळाला परत पाठवू नये. आलेल्या बाळाची संधी दवडण्यापेक्षा डोस वाया गेलेला परवडला. पण नियम कागदावर असून भागत नाही. सिस्टरच्या मनातली जाब द्यायची भीती काढणं हेही व्यवस्थेचंच काम आहे.

स्क्रीनिंगबद्दलही हेच. शिबिर घेतलं, तीनशे माणसांची साखर तपासली, फोटो काढले. ज्यांची साखर जास्त निघाली त्यांचं पुढे काय? विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये स्क्रीनिंगचे जे निकष मांडले, त्यांत निदान आणि उपचाराची सोय उपलब्ध असायला हवी हा निकष आहे, तो याचसाठी. शोधायचं आणि सोडून द्यायचं, यात माणसाच्या हाती फक्त काळजी येते.

या बाबतीत मला १९०२ सालची न्यूयॉर्कमधली गोष्ट फार आवडते. तिथे शाळेत डॉक्टर मुलांना तपासत आणि खुपऱ्या, उवा, नायटा असं काही दिसलं की घरी पाठवत. मुलं घरी बसत, उपचार कुणी करत नसे, नाव शाळेतून गळे. व्यवस्थेच्या दृष्टीने काम पूर्ण झालेलं असे. लिलियन वॉल्ड यांनी, ज्यांनी १८९३ पासून तिथल्या गरीब वस्तीत राहून घरोघर शुश्रूषेचं काम उभं केलं होतं आणि 'पब्लिक हेल्थ नर्स' हा शब्द रूढ केला, लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून एका महिन्यासाठी शाळांमध्ये पाठवायचं ठरवलं. रॉजर्स शाळेत साध्या आजारांवर उपचार करत आणि उरलेल्या मुलांच्या घरी जाऊन आयांना काय करायचं ते दाखवत. वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी पटींनी घटली. औषधं तीच होती. शाळा आणि घर यांच्या मधल्या जागेत कुणीतरी उभं राहिलं, एवढाच बदल झाला. मला विचाराल तर आपल्या व्यवसायाची नेमकी जागा तीच आहे. डॉक्टरांचा आदेश आणि रुग्णाचं घर, दवाखाना आणि वस्ती, यांच्या मधली.

वित्तव्यवस्थेचे प्रकार थोडक्यात. जर्मनीत बिस्मार्क यांच्या काळात १८८३ मध्ये कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आला, त्यावरून विमाधारित प्रारूप. ब्रिटनमध्ये १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर, ५ जुलै १९४८ पासून, करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, त्यावरून करआधारित प्रारूप. बऱ्याच देशांत या दोन्हींचं मिश्रण असतं आणि उरलेला खर्च माणूस खिशातून करतो. परीक्षेपलीकडे तुम्हाला यातलं एवढं कळायला हवं : तुमच्या रुग्णाला कुठल्या टप्प्यावर खिशात हात घालावा लागतो? कारण तिथेच तो उपचार सोडतो. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडलं, की चांगल्या आरोग्यसेवेची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते, आणि सेवा जितकी बाजारावर सोडली जाते तितकं हे जास्त घडतं. सात वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आता (आजच्या कझाकस्तानातलं अल्माटी शहर) इथे जगातले देश प्राथमिक आरोग्य सेवेसाठी एकत्र आले, ते हीच उलटी घडी सरळ करण्यासाठी.

आता वॉर्ड आणि कम्युनिटी यांच्यातल्या भिंतीबद्दल. तुमच्या आयसीयूत साखर प्रचंड वाढून बेशुद्ध झालेली मुलगी येते, बरी होऊन जाते, तीन महिन्यांनी पुन्हा येते. तुम्ही पंप उत्तम लावता. पण तिच्या घरी इन्सुलिन ठेवायला थंड जागा आहे का, शाळेत सुई टोचायला तिला आडोसा मिळतो का, हे डिस्चार्जच्या आधी कुणी विचारलं? विचारायला चार मिनिटं लागतात. आणि डिस्चार्जच्या सूचना दिल्यावर "समजलं ना?" असं विचारू नका. कुणीही 'हो'च म्हणतं. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं की नाही ते मला कळायला हवं. घरी गेल्यावर हे कसं कराल, मला करून दाखवा." यात परीक्षा आपली असते, त्यामुळे माणूस संकोचत नाही.

पुढच्या पोस्टिंगला तक्ता जरूर न्या, पण पहिल्या भेटीत तो पिशवीतच राहू द्या. रजिस्टरही लगेच उघडू नका. कागद दिसला की लोक कागदाला हवी ती उत्तरं देतात. औषधं कुठे ठेवली आहेत ते नजरेने बघा. कोपऱ्यात, पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याशेजारी की मुलांच्या हाताला लागेल अशी, त्यावरून पुष्कळ कळतं. गोळ्यांच्या पाकिटातली कुठली पट्टी रिकामी आहे आणि कुठली भरलेली, ते बघा. घरात निर्णय कोण घेतं ते ऐका. घरात जे कळलं ते शेजारच्या घरात बोलू नका. एकदा बोललात तर ती गल्ली तुम्हाला बंद होते.

मग एकच रुग्ण निवडा आणि त्याची वाट चालून बघा. शक्य असेल तर खरोखर त्याच्याबरोबर, रांगेत उभं राहून. किती खिडक्या, किती तास, कुठे काय बोललं गेलं, चिठ्ठी कुणी वाचली, पुढच्या दवाखान्यातून परत काही कळवलं गेलं का, हे तारखेसह लिहा. 'कारण' या रकान्यात त्याने सांगितलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवा. शेजारी लिहा की यातलं मी स्वतः या आठवड्यात काय बदलू शकते, काय माझ्या वरिष्ठांपुढे मांडायला हवं आणि काय वस्तीतल्या लोकांनीच उचलून धरायला हवं. आणि निघताना दुसऱ्या भेटीचा दिवस त्यांना विचारून ठरवा, त्यांच्या सोयीच्या वेळेचा. खरी अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या भेटीत सांगितली जाते.